फोडणे या शब्दाची वही

शाळेत रुजू झाले त्या दिवशी स्टाफरूममध्ये मला ऐकवलं गेलेलं पहिलं वाक्य असं होतं: "हे बघ पोरी, मला काय सांगत जाऊ नको. माझ्या पोटात ऱ्हात न्हाई. सांगितलंस तर मी फोडणार, मग माझ्या नावानं रडायचं न्हाई."

मी त्यांना काहीच सांगायला गेले नव्हते. बसायला खुर्ची शोधत होते.

त्या आमच्या मराठीच्या बाई. शाळा ओतूरची, इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे बाकी सगळ्या शिक्षिका 'मिस' किंवा 'मॅडम'. बाईंना मात्र मिस म्हटलं की त्या ऐकूच आलं नाही असं दाखवायच्या. एकदा पाचवीतल्या मुलीनं फारच लावून धरलं तेव्हा म्हणाल्या, "मिस म्हंजे बिनलग्नाची. माझी दोन पोरं चाकणला कंपनीत हायती, त्यांना काय सांगू?" साठी ओलांडलेली, पदर खोचलेला, पायात प्लॅस्टिकची चप्पल, खांद्यावर कापडी पिशवी. पिशवीत भुईमुगाच्या शेंगा, लाल शाईचे तीन पेन आणि एक जाड पुठ्ठ्याची वही. वहीवर लेबल लावलेलं आणि त्यावर नाव, इयत्ता, विषय असं काही न लिहिता एकच शब्द: फोडणे.

मला वाटलं, स्वयंपाकाची वही आहे. 'फोडणी' लिहायचं असेल, चुकलं असेल. मराठीच्या बाईंची चूक मी पहिल्याच दिवशी पकडली म्हणून मनातल्या मनात जरा खूशही झाले.

वहीत खरोखर त्या एका शब्दाशिवाय काही नव्हतं. कुणी बोलताना 'फोडणे' वापरलं की बाई ते वाक्य उतरवून घ्यायच्या, खाली माणसाचं गाव. ही खोड लागली त्याचं कारण त्या कुणालाही सांगायच्या. फार पूर्वी, दुसऱ्या एका शाळेत असताना, तपासणीला आलेल्या साहेबांनी वर्गाला फोडणे म्हणजे काय असं विचारलं. एक मुलगा म्हणाला, तोडणे. साहेब म्हणाले, शाब्बास. बाईंनी भर वर्गात साहेबांना अडवलं. "तोडलं की दोन तुकडे व्हत्यात, साहेब. फोडलं की आतलं भाईर येतं. उसाचं कांडं तोडत्यात आन् नारळ फोडत्यात. येवढा फरक तुमाला कळंना तर पोरानं काय करायचं?" साहेबांनी शेरा काय दिला ते बाई सांगायच्या नाहीत. त्यांनी न सांगितलेली बहुधा तेवढी एकच गोष्ट, असं मला तेव्हा वाटायचं.

नववीच्या वर्गात त्या हा शब्द फळ्यावर मांडायच्या. मी शेजारच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये असायचे आणि मधली भिंत प्लायवूडची होती, त्यामुळे माझंही शिक्षण होत गेलं. संस्कृतात स्फुट् असा धातू. स्फुट म्हणजे उमललेलं, उघड झालेलं, स्पष्ट. त्यातून प्राकृतात आलं ते घासून घासून आपलं फुटणं आणि फोडणं झालं. स्फोटही तिथलाच. "जुने व्याकरणवाले तर म्हणत व्हते, शब्द कानावर पडला की मनात अर्थ फुटतो, त्यालाबी स्फोटच म्हणायचं. आवाज व्हत न्हाई येवढंच." मग एखाद्या मुलाकडे बघून, "तुझ्यात अजून झाला न्हाई."

त्यांचं म्हणणं असं की लोकांना हा शब्द उगाच मारामारीचा वाटतो. डोकी आणि काचा सोडल्या तर बाकी सगळीकडे तो काही ना काही दाखवतोच. वाचा फोडायची म्हणजे गप्प बसलेल्याचं गाऱ्हाणं चारचौघांत आणायचं. फोड करून सांगायचं म्हणजे अवघड ते सोपं करायचं. फोडणीसुद्धा त्यांनी याच खात्यात घातली होती. तेलात मोहरी फुटली की शेजारणीला कळतं आज इथं काय शिजतंय, लपवू म्हटलं तरी लपत नाही. आमचे शिपाईमामा पश्चिमेकडच्या डोंगरातले, त्यांनी हिरडा फोडणं दिलं होतं. वरचं कवच दगडानं ठेचायचं, आतली बी वेगळी काढायची, अंगणात चार बाया बसून दिवसभर तेच काम. राजकारणातलं गट फोडणं बाईंनी पेन्सिलीनं लिहिलं होतं. म्हणायच्या, त्यात आतून काय भाईर आलं ते अजून कळायचं हाय.

माझं नाव त्यांनी पहिल्याच महिन्यात ठेवलं: अस्फुट. मी घरी जाऊन अर्थ शोधला. नीट न उमटलेलं, तोंडातल्या तोंडात राहिलेलं.

नाव चुकीचं नव्हतं. मी बोलणं वाचवून ठेवणाऱ्यांपैकी. फोन टेबलावर पालथा, डब्याचं झाकण अर्धंच उघडं, वय विचारलं तर "होतील आता." नारायणगावात राहायचे, पण स्टाफरूममध्ये सहा महिने सगळ्यांचा समज होता की मी जुन्नरची, आणि मी तो दुरुस्त केला नाही. यात काही गूढ नव्हतं. माझ्याकडे लपवण्यासारखंच फारसं काही नव्हतं, पण जे होतं ते मी फार नेटानं लपवत होते.

त्यातली एकच गोष्ट खरोखर लपवण्यासारखी होती. मला मराठी येत नव्हतं.

म्हणजे बोलता येत होतं, कळत होतं. पण बालवाडीपासून इंग्रजी माध्यम, मराठीचा पेपर गाइडातून पाठ करून पास झालेली. छापील मजकूर मी बोट ठेवून वाचायचे आणि हातानं लिहिलेलं देवनागरी माझ्यासाठी भिंतीवरच्या ओलीसारखं, बघावं तसं दिसणारं. शेतकऱ्याच्या घरातली, आसपास सगळं मराठी, आणि ही तऱ्हा. अशी गोष्ट कुणाला सांगणार?

बाईंनी माझं पहिलं गुपित फोडलं ते मात्र वेगळंच. मला बघायला पाहुणे येणार होते म्हणून मी बँकेचं काम सांगून अर्धी रजा टाकली. बाईंनी सरळ डोळ्यांत बघत विचारलं, "बँकेत जायाला डोक्याला मेंदी लावलीस व्हय?" मी हसले आणि त्यातच सगळं सांगून बसले. दहा मिनिटांत स्टाफरूमला मुलाचं गाव, शिक्षण, गाडीचा रंग सगळं माहीत झालं. त्यावर सायन्सच्या मॅडम म्हणाल्या, "तो का? अहो, त्याची तर सुपारी फुटलीय मागच्या महिन्यात. माझ्या नणंदेच्या गल्लीत." घरच्यांनी फोन लावला. खरं निघालं. त्या मंडळींना एक स्थळ हातात धरून दुसरं बघायचं होतं. आईचे पोहे वाचले.

बाईंनी आधी सुपारी फोडणं वहीत उतरवलं, मग माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्यावर आठ दिवस रुसले होते. कुणाच्याच लक्षात आलं नाही, कारण एरवीही मी इतकंच बोलायचे.

पुढे पुढे संध्याकाळी आम्ही एकाच एसटीनं नारायणगावपर्यंत जायला लागलो. तिथे मी उतरायचे आणि बाई निमगाव साव्याची गाडी धरायच्या. गाडीत त्या ड्रायव्हर, कंडक्टर, मांडीवरची कोंबडी, सगळ्यांशी बोलायच्या. एकदा मला म्हणाल्या, "घरी बोलायला म्हैस हाय. तीबी ऐकून घेत न्हाई, मान फिरवती. शाळा सुटली ना माझी, तर मी भिंतीशी बोलीन." त्यांची नेमणूक दरवर्षीची होती. जूनमध्ये नवीन ऑर्डर निघाली तर त्या पुढच्या वर्षी होत्या, नाहीतर नव्हत्या. आणि संस्थेला त्यांच्या जागी कुणी तरुण, संगणक वापरणारं हवं आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. बाईंनीच सांगितलं होतं.

त्या प्रवासात मी त्यांना आयुष्यातली एकमेव लांब गोष्ट सांगितली. माझी आत्या कळंबला असते. त्यांच्याकडे कांद्याची मोठी बराख आहे. उन्हाळ्यात कांदा त्या जाळीच्या लांबट खोलीत भरतात आणि दोन्ही तोंडं बंद करतात. चार-पाच महिन्यांनी बराख फोडतात तेव्हा कळतं आत किती टिकला आणि किती सडला. त्या वर्षी फोडली तर आधी बाहेर आली ती मनगटाएवढी जाड धामण. आत्याचे यजमान, आमचे दाजी, ट्रॅक्टरवर चढले ते हॉर्नवर हात ठेवूनच बसले. धामण केव्हाच बांध ओलांडून गेली, अर्धं कळंब गोळा झालं, तरी हॉर्न चालूच. बाई इतक्या हसल्या की कंडक्टरनं वळून बघितलं. वहीत गोष्ट गेली. खाली गाव: कळंब.

मग सहामाही आली.

शाळेतले सगळे पेपर टाईप करायचं काम माझ्याकडे होतं, कारण कॉम्प्युटर माझा विषय. बाई पेपर हातानं लिहायच्या आणि अक्षर असं की ओळ सुरू झाली की मधे कुठे श्वास नाही. मी अंदाजानं टाईप करायचे. आजवर निभावलं होतं. नववीच्या पेपरात पाचवा प्रश्न होता: 'फोडणे' हे क्रियापद वेगवेगळ्या अर्थांनी वापरून पाच वाक्ये लिहा, वाक्ये घरातली आणि शेतातली असावीत, पुस्तकातली चालणार नाहीत. पेपरसोबत उत्तरसूचीही द्यायची असा शाळेचा नियम. बाईंनी पाचव्या प्रश्नापुढे लिहिलं होतं, 'मुलांचं मुलं बघतील.'

मी म्हणाले, "बाई, इथे काहीतरी लागेल. रिकामं चालत नाही."

"मग टाक की तुला सुचतील ती पाच. शेतकऱ्याची पोर हायस."

दुपारचा रिकामा तास मी त्या पाच वाक्यांसमोर बसून काढला. नारळ आला. डोकं आलं. त्यापुढे काही येईना. बाई माझ्यापासून दोन हातांवर बसून शेंगा सोलत होत्या. दोन वर्षं भिंतीतून हा धडा ऐकून मला दोनच वाक्यं येतात, हे त्यांना सांगण्यापेक्षा मला काहीही चाललं असतं. म्हणून जे चाललं ते मी केलं. पेपरचा फोटो काढला आणि आत्याला पाठवला. 'पाच नंबरचं बघ. कुणाला दाखवू नको.'

आत्याला तीन सुचली. उरलेल्या दोनांसाठी तिनं तो फोटो आमच्या भावकीच्या ग्रुपवर टाकला. ग्रुपवर चाळीसेक माणसं. सकाळी फुलांची चित्रं टाकणं आणि कुणी गेलं की हात जोडणं याशिवाय तिथे कुणी काही करत नाही. पण त्या दिवशी भावकी पेटली. ढेकळं फोडली, हंडी फोडली, चुलत्यांनी लाकडं फोडली, पुण्यातल्या वहिनींनी बातमी फोडली. एका काकांनी गाडी चालवता चालवता दोन मिनिटांचा आवाज पाठवला. आणि सगळ्यांच्या वर आत्याचं: 'बराख फोडली आन् धामण निघाली, तुमचे दाजी ट्रॅक्टरवर चढून हॉर्न वाजवीत बसले.' त्याखाली पंचवीस हसरे चेहरे.

मी बाथरूममध्ये जाऊन आत्याला फोन केला. माझा आवाज तेव्हा काय होता ते सांगत नाही.

"आगं काढते की, त्यात काय रडायचं," आत्या म्हणाली. अर्ध्या मिनिटानं, "काढलं बघ. आता दिसत न्हाई."

तिनं ते फक्त स्वतःच्या फोनवरून काढलं होतं. तिला दिसत नव्हतं, बाकी एकोणचाळीस जणांना दिसत होतं. मी कॉम्प्युटर शिकवते आणि मी ते तपासलं नाही. ग्रुप पुन्हा उघडायची माझी हिंमतच झाली नाही. भावकीतल्या तीन घरांतली मुलं आमच्या शाळेत होती.

पेपर झाल्यावर चौथ्या दिवशी बाई स्टाफरूममध्ये गठ्ठा घेऊन बसल्या. त्या तपासता तपासता मोठ्यानं वाचायच्या. "ऐका गं. बराख फोडली तेव्हा धामण निघाली आणि दाजी ट्रॅक्टरवर..." इथे त्या थांबल्या. मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग तोंड मिटलं. त्यांच्या तोंडाची ती हालचाल मी पहिल्यांदाच बघत होते.

पण सायन्सच्या मॅडमनी उत्सुकतेनं पुढचा पेपर उचलला. त्यातही धामण. त्याच्या पुढच्यातही. एकूण अकरा जणांच्या बराखीतून धामण निघाली, आणि अकराही दाजी ट्रॅक्टरवर चढले. एकानं दाजींच्या जागी 'माय अंकल' लिहिलं होतं.

प्रिन्सिपल सरांनी सगळ्यांना बोलावलं. ते कधी आवाज चढवत नाहीत. "बाई, हा पेपर तुमच्याच हातात होता. तुमच्याकडून कुठे बोलण्यात गेलं का?"

दोघी-तिघी हसल्या. बाई म्हणाल्या, "गेलं आसंल."

"कुणाकडे?"

"आता मी काय एका ठिकाणी बोलते व्हय, सर?"

सर माझ्याकडे वळले. "मॅडम, टाईप तुम्ही केलात. तुम्हाला विचारायचा प्रश्नच नाही म्हणा."

मी मान हलवली. मान हलवण्याचा अर्थ काय होता ते मलाही सांगता येणार नाही. बाहेर पडताना सायन्सच्या मॅडम हळूच म्हणाल्या, "संस्थेला निमित्तच हवं होतं. आता कसली जूनची ऑर्डर निघतेय."

त्यानंतर बाई गप्प झाल्या. एसटीत खिडकीबाहेर बघायच्या. मधल्या सुट्टीत शेंगा खायच्या नाहीत. मला वाटायचं, माझ्यावर रागावल्यात. मग वाटायचं, त्यांना कळलेलंच नाही. मी दोन्ही शक्यता रोज नव्यानं तपासायचे आणि दोन्हींतून माझ्या सोयीचं एकच निघायचं, की आज काही बोलायला नको.

नवव्या दिवशी बाईंनी माझ्या टेबलावर एक कागद ठेवला. "सरांनी लेखी खुलासा मागितलाय. तुज्या त्या मशीनवर टाईप कर, म्हंजे बरा दिसंल."

कागदावर दोनच ओळी होत्या. त्या मला पहिल्या फटक्यात वाचता आल्या. मला वाचता यावं म्हणून त्यांनी अक्षरं सुटी सुटी काढली होती की काय, कोण जाणे. पेपर माझ्या हातून फुटला, त्याला दुसरं कुणी जबाबदार नाही.

मी टाईप करायला बसले. खरंच बसले. पहिली ओळ झालीसुद्धा. मग ती पुसली, माझ्या वहीतलं एक पान फाडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा हातानं, मराठीत, कुणी न सांगता, चौदा ओळी लिहिल्या. फोटो, आत्या, ग्रुप, सगळं. का पाठवला ते मात्र 'शंकानिरसनासाठी' या एका शब्दात उरकलं. तो शब्द गुगलनं दिला होता.

सरांकडे नेण्याआधी बाईंना दाखवावं असं वाटलं. त्यांनी चष्मा लावला, वाचायला लागल्या, आणि हात आपोआप पिशवीत गेला. लाल पेन. तिसऱ्या ओळीत पहिला गोल. मग वेलांट्या, मग उकार. शेवटच्या चार ओळींवर तिरकी रेघ मारून म्हणाल्या, "माफी एकदाच मागायची. चारदा मागितली की खोटी वाटती." कागदाच्या कोपऱ्यात त्यांनी गुण दिले. दहापैकी साडेसहा. कागद परत देताना एवढंच म्हणाल्या, "न्यायचं आसंल तर आत्ताच ने. माजा खुलासा टाईप व्हायच्या आत."

पुन्हा सुवाच्य लिहून काढायला बसले असते तर गेलेच नसते, हे मला माहीत होतं. तसाच नेला.

सरांनी कागद वाचला, उलटा करून बघितला, परत सुलटा केला. "ही लाल शाई बाईंची ना?"

"हो."

"म्हणजे हे बाईंनी तुमच्याकडून लिहून घेतलं."

"नाही, सर. फक्त तपासलं."

"मॅडम, तुम्ही साध्या आहात. तुम्ही कुणाशी चार शब्द बोलत नाही, तुम्ही काय पेपर फोडणार? आणि बाईंनी स्वतःचं दुसऱ्यावर ढकलावं, तेही एवढ्या तरुण मुलीवर? हे मला संस्थेला कळवावं लागेल."

मी म्हणाले, नाही सर. पुन्हा म्हणाले. दुसऱ्यांदाचं मला स्वतःलाच नीट ऐकू आलं नाही. दोन वर्षं तोंड न उघडून मी जे चांगलं नाव कमावलं होतं ते माझ्याच विरुद्ध साक्षीला उभं राहिलं, आणि बाई आता नुसत्या तोंडाळ राहिल्या नाहीत, लबाडही ठरल्या.

त्या संध्याकाळी मी आत्याला फोन करून म्हणाले, "तू उद्या शाळेत ये. फोन घेऊन ये. दाजींचा पण आण." मी कुणाला असं काही करायला सांगण्याची ही पहिलीच वेळ. आत्यानं कारणसुद्धा विचारलं नाही.

ती सकाळच्या गाडीनं आली, हातात गवारीची पिशवी. शिपाईमामांनी तिला केबिनमध्ये बसवलं. बाईही आत होत्या, सरांनीच बोलावलेल्या.

"साहेब, पोरीनं मला एकटीला पाठीवलं व्हतं," आत्या म्हणाली. "ग्रुपवर म्या टाकलं. मला दोन वाक्यं कमी पडत व्हती. आन् मागनं काढलंबी. ह्ये बघा, माझ्यात न्हाई. पण ह्यांच्या फोनात अजून दिसतंय, त्ये कसं काय त्ये तुमीच सांगा."

सर दाजींचा फोन घेऊन वर वर सरकवू लागले. फोटो सापडला. खाली ढेकळं, हंडी, लाकडं. सर एकेक मोठ्यानं वाचत गेले, आणि वाचता वाचता पेपरच्या पुढेही गेले. "पोरगी शिकलेली आहे, पण तोंडात मूग. पगार सांगत नाही. घरात पाहुणे आले की आतल्या खोलीत..." ते थांबले आणि खोकले.

"वाचा की," आत्या म्हणाली. "खरंच हाय त्ये."

पुढे माझ्या चष्म्याच्या नंबराबद्दल एक चर्चा होती, ती सरांनी मनातल्या मनात वाचली असावी, कारण त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी गवारीच्या पिशवीकडे बघत होते.

शेवटी त्यांनी ड्रॉवरमधून बाईंचा दोन ओळींचा खुलासा काढला, टाईपची वाट न बघता बाईंनी सकाळी हातानंच लिहून दिलेला, आणि चार घड्या करून बाईंच्या हातात दिला. "हा माझ्याकडे आला नाही. जूनचं जूनमध्ये बघू, पण त्यात हे नसेल." माझा लाल शाईचा कागद त्यांनी माझ्या फाइलला लावला. नववीची मराठीची परीक्षा पुन्हा ठरली आणि मला लेखी ताकीद मिळाली. ती टाईप मीच केली. सरांनी सही करण्याआधी ती बाईंना दाखवून आणायला सांगितलं.

आम्ही तिघी एकाच गाडीनं निघालो. नारायणगावच्या स्टँडवर बाईंची निमगावची गाडी लागायची होती. आत्या बाकावर बसून शेंगा खात होती, बाईंच्या पिशवीतल्या.

मी विचारलं, "तुम्हाला पहिल्या दिवशीच कळलं होतं ना? मग सांगितलं का नाही?"

"बघायचं व्हतं, जमतंय का. चाळीस वर्सं मास्तरकी केली, येकबी गोष्ट पोटात ऱ्हायली न्हाई. म्हटलं, ही येक ठिवून बघू." त्यांनी पोटावर हात ठेवला. "नऊ दिवस लई जळजळ झाली गं. डॉक्टर म्हणला तिखट खाऊ नका. त्याला काय सांगणार, कशाचं हाय? तू वर्सानुवर्सं कसं करतीस ह्ये?"

"सवय झालीय."

"आन् मला का न्हाई इचारलंस? दोन हातांवर बसते मी. पाच वाक्यं तर पायजे व्हती."

याचं उत्तर माझ्या चौदा ओळींत नव्हतं. सरांनाही दिलं नव्हतं. गाडी फलाटाला लागत होती, माणसं उठून पिशव्या उचलत होती. मी म्हणाले, "मला मराठी येत नाही, बाई. कळतं, पण वाचता येत नाही. तुमचं अक्षर तर मला एक ओळ लागत नाही. दोन वर्षं अंदाजानं टाईप करतेय."

गाडीचं इंजिन चालू होतं, म्हणून मला हे बऱ्यापैकी मोठ्यानं सांगावं लागलं. रांगेतल्या दोन माणसांनी वळून बघितलं.

"आगं बया," आत्या म्हणाली.

बाईंनी विचारलं, "चौथीच्या पेपरात 'पावसात चोर नाचतो' आलं व्हतं, त्ये तू?"

"हो. मोर असेल असं नंतर वाटलं."

"मी पोरांना सांगितलं, छापणाऱ्याची चूक." त्या गाडीत चढल्या, खिडकीत बसल्या, काच सरकवली आणि मला हातानं जवळ बोलावलं. कुणाचं काही फोडण्याआधी त्यांनी विचारल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं. "ह्ये मी पोटात ठिवू का?"

मी त्यांच्या पोटावरच्या हाताकडे बघितलं. "नको," म्हणाले. "सांगा."

गाडी फाट्यापर्यंत पोचायच्या आत त्यांनी कंडक्टरला सांगितलं असणार.

सकाळी मी शाळेत पाय ठेवला तेव्हा ते सगळ्यांना माहीत होतं. सायन्सच्या मॅडम हसल्या, पण वाईट नाही. हिशेबनीसांनी पगारपत्रकावर माझ्यासाठी इंग्रजीत सही करायची जागा दाखवली. मधल्या सुट्टीत नववीतली एक मुलगी लॅबच्या दारात येऊन उभी राहिली. धामण लिहिणाऱ्या अकरांपैकी ती एक.

"मिस, बाई म्हणाल्या तुम्हाला मराठी येत नाही. खरंय?"

"खरंय."

ती आत आली. दार लोटून घेतलं. "मला पण नाही येत. वाचता येतं, पण काय लिहिलंय ते कळत नाही. ते ट्रॅक्टरचं मी पाठ केलं होतं."

"माझं उलट आहे," मी म्हणाले. "मला कळतं, वाचता येत नाही."

तिनं जरा हिशेब केला. मग दप्तरातून मराठीचं पुस्तक काढलं, माझ्या टेबलावर उघडून ठेवलं, आणि खुर्ची ओढून एकेक शब्दावर थांबत मोठ्यानं वाचायला लागली.